लक्ष्मीबाईंच्या घरातला देव
('स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना)

गेल्या माघात आमच्या जाऊबाईंच्या मुलीनं दीक्षा घेतली. चोवीस वर्षांची पोर, बी.कॉम. झालेली, हसरी. सुरतेत दीक्षा हा काही नवा प्रकार नाही. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या संघात वरघोडा निघतो, वर्षीदान उधळलं जातं, आपण रस्त्याच्या कडेला हात जोडून उभ्या राहतो. पण आपल्याच मांडीवर खेळलेली मुलगी त्या रथात बसली की हात जोडताना थरथरतात. आनंद होता, अभिमान होता, आणि घशात काहीतरी अडकलेलंही होतं.

समारंभ आटोपला. पाहुणे गेले. मागच्या अंगणात भांड्यांचा ढीग पडला होता आणि आम्ही पाच-सहा जणी तो आवरत होतो. शेजारच्या एक वयस्कर मासी मुकाट्यानं कढई घासत होत्या. मध्येच थांबल्या आणि गुजरातीत म्हणाल्या, "तिनं जन्माचं सोनं केलं. आपण राहिलो राखेत."

मासी काही वाईट हेतूनं बोलल्या नव्हत्या. लहानपणापासून आपण हेच ऐकत आलो आहोत. माझं माहेर जळगावचं, स्थानकवासी. सासर सुरतेचं, देरावासी. माहेरी व्याख्यान मराठी-हिंदीत ऐकलं, सासरी गुजरातीत. दोन्हीकडे एक वाक्य मात्र सारखं होतं : संसार असार आहे. मीही ते मान डोलावून ऐकलं आहे. पण त्या रात्री झोप येईना. बत्तीस वर्षं चूल सांभाळली, सासूबाईंचं आजारपण काढलं, दोन मुलं वाढवली, पर्युषणात उकाळलेलं पाणी आणि चौविहाराची वेळ कधी चुकवली नाही. हे सगळं राखच असेल, तर मी इतकी वर्षं करत तरी काय होते?

उठले आणि कपाटातून 'स्मृतिचित्रे' काढलं. बी.ए.ला मराठी विषय होता तेव्हा घेतलेली प्रत. पानं पिवळी पडली आहेत. जैन घरातल्या बाईनं अशा वेळी एका ख्रिस्ती बाईचं पुस्तक का काढावं, हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. आता थोडं सांगता येईल असं वाटतं, म्हणून हा लेख.

लक्ष्मीबाई टिळकांची ओळख मराठी वाचकांना करून द्यावी लागत नाही, पण आमच्या इथल्या मुलींना द्यावी लागते. 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरला त्यांचा जन्म झाला. माहेरच्या गोखले. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. हे टिळक म्हणजे ज्यांना आपण 'फुलामुलांचे कवी' म्हणतो ते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. चार-पाच वर्षं नवराबायको वेगळे राहिले. मग त्या नवऱ्याकडे परत गेल्या, पण स्वतःचं सोवळं घेऊन गेल्या, आणि 1900 च्या सुमारास स्वतःच्या विचारानं ख्रिस्ती झाल्या. 1919 मध्ये टिळक गेले. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं म्हणून आईनं आठवणी लिहायला घेतल्या, आणि त्यातून हे पुस्तक उभं राहिलं. पहिला भाग 1934 साली आला. 1936 मध्ये लक्ष्मीबाई वारल्या. शेवटचा भाग मुलानं पुरा केला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं लिहिलेलं हे पुस्तक आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत मोजलं जातं, ते उगाच नाही.

पुस्तकाची सुरुवात सोवळ्यानं होते. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना 1857 च्या धामधुमीनंतर फाशी झाली आणि त्या धक्क्यानं वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. घरात आलेली प्रत्येक वस्तू धुतली जाई. मीठसुद्धा! मीठ धुतल्यावर उरतं काय, हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. कॉलेजात असताना हे वाचून मी खूप हसले होते. या वेळी हसू आलं, पण अर्ध्यावर थांबलं. आमच्या घरीही पीठ चाळल्याशिवाय मळत नाहीत, पाणी गाळल्याशिवाय भरत नाहीत, पावसाळ्यात पालेभाजीला हात लावत नाहीत. त्यामागचं कारण वेगळं आहे, मला ते पटलेलं आहे आणि मी ते शेवटपर्यंत पाळणार आहे. तरी वाटलं, जीव वाचवण्यासाठी पाणी गाळणं आणि स्वतःला विटाळ होऊ नये म्हणून मीठ धुणं यांत अंतर आहे खरं, पण ते अंतर आपण दर वेळी राखतो का? कधी कधी जिवाची कळकळ मागे राहते आणि आपण इतरांपेक्षा शुद्ध आहोत याचाच मान पुढे येतो.

लक्ष्मीबाईंचं मोठेपण इथेच दिसतं. त्या वडिलांची थट्टा करतात, पण वडिलांना खाली पाडत नाहीत. त्यांना वडिलांची दयाही येते. ज्या घरात माणसापेक्षा भांडं अधिक शुद्ध ठेवायचं असतं, त्या घरातल्या बायकांचे दिवस कसे जातात, हे त्या रडगाणं न गाता दाखवतात. पाच पानांत आपल्याला एक घर, एक काळ आणि एक जात दिसून जाते.

आता मुद्द्याकडे येते. 'स्मृतिचित्रे' हे धर्मांतराचं पुस्तक आहे असं आपण म्हणतो. मग त्यात धर्म किती आहे? या वेळी मी मुद्दाम तेवढंच शोधत वाचलं. स्वर्ग, नरक, पापक्षालन, मुक्ती यांच्यावर लक्ष्मीबाई फारच थोडं बोलतात. त्या बोलतात ते पाहुण्यांवर, उसनवारीवर, आजारी मुलांवर, घरात आणून ठेवलेल्या पोरक्या पोरांवर, विसरभोळ्या नवऱ्यावर, पगार आला त्याच दिवशी तो कुठे गेला यावर. मिशनचं नाव येतं तेही बहुधा कुणीतरी जेवायला आलं म्हणून! एखाद्याला वाटेल की या बाईला धर्मातलं खोल काही कळलंच नाही, ती आपल्या घरातच रमली. कॉलेजात मलाही तसंच वाटलं होतं, आणि परीक्षेत मी ते लिहूनही आले होते.

आज मला ते चुकीचं वाटतं. त्यांचं धर्मांतर झालं ते पाण्याच्या तांब्यापाशी. नवऱ्याकडे परत आल्यावर त्यांचा अडसर येशूविषयी नव्हता. कुणाच्या हातचं प्यावं आणि कुणाच्या हातचं पिऊ नये, हा होता. ही जातपात देवानं केली की माणसानं, यावर त्यांनी एकटीनं विचार केला. ती माणसानं केली असं ठरल्यावर त्या कुणाच्याही हातचं खाऊपिऊ लागल्या. पुढचा बाप्तिस्मा हा त्यामानानं सोपा भाग होता. म्हणजे जे सत्य कळलं ते जेवणाच्या पानावर कळलं आणि पाळलंही तिथेच. जिच्या वडिलांनी मीठ धुतलं, तिच्या घरी पुढे कुणीही येऊन जेवू लागलं. मला वाटतं, या पुस्तकाची सारी गोष्ट एवढीच आहे, आणि ती फार मोठी आहे.

हे मी माझ्या मनानं म्हणते आहे की ख्रिस्ती श्रद्धेत खरंच असं काही आहे, हे पाहावं म्हणून शुभवर्तमानं वाचली. मराठी बायबल घरात आणताना थोडा संकोच वाटला, हे कबूल करते. पण आमच्या सुरतेला या ग्रंथाचं वावडं असण्याचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडन मिशनरी सोसायटीच्या लोकांनी याच शहरात गुजराती बायबल छापलं होतं. आणि मराठीत पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना समजावं म्हणून केडगावच्या मुक्ती सदनात बसून अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. त्या 1922 मध्ये गेल्या आणि 1924 मध्ये ते प्रसिद्ध झालं. एवढी मोठी विदुषी, पण शब्द मात्र तिनं चुलीजवळचे शोधले.

वाचताना पहिलं आश्चर्य हे वाटलं, की ज्याला ते देवाचा पुत्र मानतात तो साधारण तिसाव्या वर्षापर्यंत नासरेथ नावाच्या लहानशा गावात सुतारकाम करणाऱ्या घरात राहिला. उपदेशाची वर्षं थोडी, घरातली वर्षं कितीतरी जास्त. आपले तीर्थंकर राजवाडे सोडून निघाले. इथे उलट आहे; देवच स्वर्ग सोडून घरात राहायला आला, अशी त्यांची श्रद्धा. श्रद्धेचा हा पाया एकदा लक्षात घेतला की बाकीचं उलगडत जातं. त्याच्या दृष्टांतांत एक बाई पिठात खमीर मिसळते, आणि देवाचं राज्य त्या खमिरासारखं आहे असं तो म्हणतो. दुसरी बाई हरवलेल्या एका नाण्यासाठी दिवा लावून सारं घर झाडते, आणि हरवलेल्या माणसाला शोधणारा देव त्या बाईसारखा आहे असं सुचवतो. देवाला झाडू हातात घेतलेल्या बाईची उपमा! त्यानं शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजच्या भाकरीचं मागणं आहे. शेवटच्या न्यायाच्या वेळी विचारलं जाणार ते हेच, की भुकेल्याला जेवू घातलं का, तहानेल्याला पाणी दिलं का, परक्याला घरात घेतलं का. ही सारी घरची कामं आहेत. ती करायला आधी घर लागतं.

आणि मग योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी आले. मरणावर विजय मिळवून परतलेला येशू काय करतो? पहाटे तळ्याच्या काठी निखारे पेटवून शिष्यांसाठी न्याहारी तयार ठेवतो. न्याहारीत भाकर असते आणि मासे.

इथे मी पुस्तक मिटलं. मासे! माझ्यासारखीला तो घास पुढे जाणं शक्य नव्हतं. दोन दिवस मी ते पुस्तक उघडलं नाही.

पण त्या दोन दिवसांत जे डोक्यात चाललं, तेच या लेखाचं खरं कारण आहे. ख्रिस्ती श्रद्धेत रोजच्या आयुष्याला जे मोल आहे ते का आहे? ही सृष्टी देवानं केली, ती चांगली आहे असं त्यानं म्हटलं, आणि ती माणसाच्या हाती सोपवली म्हणून. त्यामुळे माणसाचं जेवण, काम, लग्न, मूल, सगळं देवाची देणगी ठरतं. हे सुंदर आहे. पण त्या निखाऱ्यावरच्या माशाचं रोजचं आयुष्य कुठे गेलं? त्या न्याहारीत त्याला जागा नाही. आपल्याकडे पाण्याच्या थेंबातही जीव मानतो, म्हणून तर गाळतो. इथे मला आपला धर्म अधिक रुंद वाटतो आणि ते सांगायला मी लाजणार नाही.

पण मग दुसरी बाजूही सांगायला हवी. उखळ, जातं, चूल, पाण्याची घागर आणि झाडू या पाच जागी गृहस्थाच्या हातून हिंसा होते, असं आपल्या शास्त्रात सांगितलं आहे, आणि हिंदूंच्याही. मोजून पाहा. पाचही जागा कुणाच्या? दुकानाची गादी त्यांत नाही, हिऱ्याचा कारखाना नाही, कापडाच्या मार्केटमधला वायदा नाही. बाई सकाळी उठल्यापासून जिथे जिथे हात लावते, नेमकी ती यादी. शास्त्रकाराचा हेतू सावध करण्याचा असेल, पण आपल्या मनात उतरलं ते एवढंच, की आपण दिवसभर पापच करतो. म्हणून मासींच्या तोंडी 'राख' आली. एका धर्मात झाडू हातातली बाई देवाची उपमा झाली आणि दुसऱ्यात तिचा झाडूच पापाच्या यादीत गेला. हे वाचून मला बोचलं. बोचायलाच हवं होतं.

ख्रिस्ती धर्मात सगळं एकसुरी आहे असं मात्र कुणी समजू नये. मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट पाहा. येशू घरी आला; मार्था स्वयंपाकात गुंतली, मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली. मार्थेनं तक्रार केली तेव्हा त्यानं कौतुक मरीयेचं केलं. जगातल्या सगळ्या मार्थांना ही गोष्ट टोचत आली असणार! मी तरी मार्थेच्या बाजूची आहे. पुढे त्यांच्याकडेही मठ झाले, जोगिणी झाल्या, ब्रह्मचर्य वरचं आणि संसार खालचा अशी उतरंड लागली. सोळाव्या शतकात ल्यूथरनं ती मोडली. तो स्वतः मठातला संन्यासी. त्यानं 1525 साली मठ सोडून आलेल्या एका जोगिणीशी लग्न केलं आणि गाय दुहणारी दासीही धर्मगुरूइतकीच देवाची सेवा करते, अशा अर्थाचं शिकवलं. टिळक पतिपत्नी ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते, ते याच प्रॉटेस्टंट वळणाचं. लक्ष्मीबाईंनी ल्यूथर वाचला असेल-नसेल. त्याची शिकवण त्यांच्या घरात चालत होती एवढं खरं.

चालत होती, पण कुणाच्या जिवावर? पुस्तकाची ही बाजू आपण हसण्यावारी नेतो. टिळक मोठ्या मनाचे होते. रस्त्यात कुणी गरजू भेटला की खिसा रिकामा. कुणी निराधार दिसला की हात धरून घरी. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी गोड कविता लिहिल्या. पण त्या आणलेल्या मुलांना न्हाऊ कोण घालणार, रिकाम्या डब्यातून रात्रीचा स्वयंपाक कसा निघणार, हे कवीला ठाऊक नसे. ते लक्ष्मीबाईंना ठाऊक असे. त्या चिडतात, भांडतात, मग हसतात आणि डाळीत पाणी वाढवतात. त्यांचा विनोद हा शोभेचा दागिना नाही. त्यांनी तो धुण्याच्या काठीसारखा रोज वापरला आहे.

आणि शेवटी, 1917 साली, याच टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास जाहीर केला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सारे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत ही कल्पना उदात्त होती. तरी मला प्रश्न पडतो. रोजचं आयुष्य पवित्र आहे असं सांगणाऱ्या धर्मात गेल्यावरही या मराठी माणसाला शेवटी संन्यासच का हवासा वाटला? आपल्या मातीत ती ओढ इतकी खोल आहे का? की घरातलं पावित्र्य दुसरं कुणीतरी सांभाळत असलं म्हणजे पुरुषाला संन्यासाची मोकळीक मिळते? माझ्या मते पुस्तकात याचं उत्तर आहे, पण ते लक्ष्मीबाई शब्दांत देत नाहीत. टिळकांनी आरंभलेलं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. ते पुढे पुरं केलं बायकोनं. तिच्या स्वतःच्या कवितांच्या संग्रहाचं नाव 'भरली घागर'. घागर कोण भरतं ते आपल्याला सांगायला नको.

पुस्तकातला आणखी एक भाग माझ्यानं सलग वाचवेना. तो नगरच्या प्लेगचा. लोक गावं सोडून पळत होते आणि टिळकांच्या घरचे आजाऱ्यांच्या उशाशी होते. मी थांबले, कारण मला 1994 चा सप्टेंबर आठवला. सुरतेत प्लेग आला तेव्हा माझा मोठा मुलगा दीड वर्षाचा होता. औषधांच्या दुकानात टेट्रासायक्लिन मिळेना. तोंडाला रुमाल बांधून लाखो लोक शहर सोडून निघाले होते. आम्हीही रात्री स्टेशन गाठलं आणि उभ्यानं प्रवास करून जळगावला पोचलो. पळालो, असंच म्हणायला हवं.

आमच्या इमारतीत तेव्हा नगरकडच्या एक ख्रिस्ती बाई राहत. नर्स होत्या. मराठी बोलायला कुणी भेटलं म्हणून मी त्यांना ताई म्हणत असे, पण त्यांच्याकडे पाणी प्यायला मी तीन वर्षांत एकदाही बसले नव्हते. त्या कुठे गेल्या नाहीत. महिन्याभरानं आम्ही परतलो तर गॅलरीतलं पक्ष्यांच्या पाण्याचं मातीचं परळ भरलेलं! घाईत निघताना खालच्या वॉचमनकडे मी किल्ली टाकली होती. परळाचं कुणालाच सांगायचं सुचलं नव्हतं. ताईंनी त्याच्याकडून किल्ली मागून घेतली होती. मी म्हटलं, "ताई, तुम्ही एवढ्या धावपळीत..." त्या म्हणाल्या, "अहो, ड्युटीवरून आले की वर यायची. तुमच्या चिमण्या ओरडायच्या ना!" आणि राहून गेलात कशा, भीती नाही वाटली, असं विचारलं तर, "वाटली की. पण वॉर्डात माणसं होती," एवढंच.

बस्स. ना उपदेश, ना येशूचं नाव. जीवदया माझ्या धर्माची, पण त्या महिन्यात ती पाळली त्यांनी. त्या दिवशी मी त्यांच्या घरी पहिल्यांदा पाणी प्यायले. गाळलेलं होतं की नाही, विचारलं नाही. लक्ष्मीबाईंना ज्या तांब्यापाशी जे कळलं, त्यातलं थोडं मला त्या पेल्यापाशी कळलं असावं. मी धर्म बदलला नाही, बदलणारही नाही. माझं सामायिक चालू आहे आणि पाणी अजून गाळते. पण माझा संसार राख आहे हे मी आता मान डोलावून ऐकत नाही.

आणि हे सांगायला मला बायबलचा आधार घ्यायचीही गरज नाही, हे नंतर ध्यानात आलं. आपल्याकडे जतना आहे. चालावं जतनेनं, बसावं जतनेनं, जेवावं जतनेनं. हाताखालच्या बारीकशा जिवाचंही भान ठेवून केलेलं काम पाप बांधत नाही, हीच तर शिकवण. मग दररोज तांदूळ निवडताना किड्याला हलकेच बाजूला ठेवणारी बाई कुठल्या राखेत बसली आहे? व्याख्यानांतून संसाराच्या असारतेवर जेवढं बोललं जातं, त्याच्या निम्म्यानं जरी या जतनेवर बोललं गेलं, तरी आपल्या मुलींना घर आणि मोक्ष एकमेकांचे वैरी वाटणार नाहीत.

याचा अर्थ मी दीक्षेला कमी लेखते असा कुणी घेऊ नये. आमच्या मुलीनं जे केलं त्याला जे बळ लागतं ते माझ्यात नाही. पण तिची वाट उजळ दिसावी म्हणून माझी काळी रंगवायला हवी असं नाही.

परवा ती आली होती. विहार करत त्यांचा समुदाय आमच्या भागात उतरला होता. सकाळी दाराशी 'धर्मलाभ' ऐकू आलं आणि मी धावले. सोबत मोठ्या साध्वीजी होत्या. मुलगी, आता मुलगी म्हणायचं नाही, पात्र घेऊन उभी होती; काळवंडली आहे, पण चेहऱ्यावर शांतता आहे. मोठ्या साध्वीजींनी नेहमीचा प्रश्न विचारला, आमच्यासाठी म्हणून काही केलं नाही ना? साधूंसाठी मुद्दाम केलेला आहार त्यांना चालत नाही. घरच्यांसाठी शिजलेल्यातलंच थोडं चालतं. हा नियम मी शेकडो वेळा पाळला आहे, पण त्यात काय दडलं आहे ते त्या सकाळी दिसलं. संसार सोडलेल्या माणसालाही शेवटी संसारातल्या रोजच्या स्वयंपाकातलंच लागतं, आणि त्यातही सणासुदीचं नाही, साधं, आपल्या पोराबाळांसाठी केलेलं.

"नाही साहेबजी," मी म्हटलं, "रोजचंच आहे."

दोन रोटल्या आणि दुधीची भाजी वहोरावली. ती काही बोलली नाही. दुधीची भाजी तिला लहानपणी आवडत नसे.

मासींना मी हे सांगितलं. त्यांना वाचता येत नाही. आता दुपारी त्या येऊन बसतात आणि मी त्यांना 'स्मृतिचित्रे' थोडं थोडं गुजराती करून ऐकवते. परवा मीठ धुण्याशी आलो. मासी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "पुढे वाच. त्या बाईचं पुढे काय झालं?"